वाऱ्यासाठी उपास

‘हो’ म्हणायला थेन सोरेनसनला अर्धा सेकंद उशीर झाला. प्रश्न नवा नव्हता. दर दोन वर्षांनी याच खोलीत, याच तपकिरी गालिच्यावरच्या खुर्चीत बसून तो हा प्रश्न ऐकत आला होता आणि तीस वर्षांत एकदाही उत्तराला वेळ लागला नव्हता. बिशप हॅस्लमनी कागदावर बोट ठेवून वाचलं, “आपल्या सगळ्या वागण्यात प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता का?” आणि ते थांबले. त्या थांबण्यात थेनला भिंतीतल्या हीटरची घरघर ऐकू आली, बाहेरच्या खोलीत कुणीतरी पियानोचं झाकण बंद केल्याचा आवाज आला, आणि मग स्वतःचा आवाज आला. “हो.” आवाज बरोबर होता, फक्त जागा चुकली होती. बिशपनी मान वर करून पाहिलं. आठवडाभर ते शाळेत गणित शिकवत आणि रविवारी मंडळीचा कारभार बघत, बिनपगारी, जसा इथे सगळेच बिशप बघतात. मुलांच्या पाठ केलेल्या उत्तरातली अडखळ त्यांना लगेच कळत असणार. पण ते हसले. “पोटात कावळे ओरडतायत ना? माझ्याही. कालपासून पाणीसुद्धा नाही.” आज उपासाचा रविवार होता. थेनही हसला. उपासाने तोंडाला येतो तसा कडसर वास त्याला स्वतःच्या श्वासात जाणवला. उरलेले प्रश्न भराभर झाले, बिशपनी मंदिराच्या प्रवेशपत्रावर सही केली, तारीख घातली आणि पत्र त्याच्यासमोर सरकवलं. हे पत्र नसलेल्याला मंदिरात, पोटच्या मुलाच्या लग्नालासुद्धा, आत सोडत नाहीत. “झालं. गुरुवारी अध्यक्षांची सही, आणि शनिवारी लेकीचं, केम्ब्रीचं लग्न. रडणार बघा तुम्ही. रुमाल दोन ठेवा.” मग खिशात हात घालून त्यांनी एक किल्ली काढली आणि प्रवेशपत्राच्या शेजारी ठेवली. “आणि हे आपलं नेहमीचं. या महिन्यात माझ्या पिकअपची धुराची टेस्ट आहे. आजच घेऊन जा, बायको सोडेल मला शाळेत. पण हात उद्या लावा हं, आज रविवार आहे.” टेबलावर दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या. थेनने दोन्ही एकाच हाताने उचलल्या.

बाहेर दुपारचे दोन वाजले होते आणि दिवे लागले होते. बारा दिवस खोऱ्यावर झाकण बसलं होतं. इथे हिवाळ्यात असं होतं: थंड हवा खाली साचते, तिच्यावर उबदार हवा येऊन बसते, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये एक लाख चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर कोंडून राहतो. वारा आल्याशिवाय तो जात नाही. शाळेच्या मैदानावर मुलांना सोडत नव्हते. सकाळच्या सभेत बिशपनीच उभं राहून सांगितलं होतं की या महिन्याचा उपास आपण वाऱ्यासाठी धरू या. खोऱ्यात दुष्काळात पावसासाठी उपास व्हायचे, बर्फासाठी व्हायचे. वाऱ्यासाठी धरलेला थेनला तरी आठवत नव्हता. मग एका सात वर्षांच्या मुलीने प्रार्थना केली, “स्वर्गातल्या बापा, वारा पाठव, म्हणजे आजीला घरात येता-जाता खोकला येणार नाही.” तीनशे माणसं आमेन म्हणाली. थेनही म्हणाला. त्या तीनशेंतल्या किती जणांच्या गाड्या आपल्या हातून गेल्या आहेत हे त्याने मोजायचं ठरवलं नव्हतं, पण बाकांच्या रांगा समोर होत्या आणि नजर आपोआप मोजत गेली: तिसरी रांग, डावीकडून दुसरा, पाचव्या रांगेत बाप आणि मुलगा दोघे, सगळ्यात मागे डार्विन प्रॅट, काँक्रीटवाला, डोळे मिटून, हात बांधून. सतरापर्यंत आल्यावर प्रार्थना संपली होती.

त्याच्या गॅरेजला दोन दरवाजे होते. पुढच्या दरवाजावर जिल्ह्याची पाटी होती, तिथे धुराची टेस्ट व्हायची. मागच्या दरवाजावर काही नव्हतं. डिझेल पिकअपच्या पोटाखाली धूर गाळणारा फिल्टर असतो, घागरीएवढा, पोलादी. तो धुरातली काजळी धरून ठेवतो आणि अधूनमधून जाळतो. त्याने डिझेल जास्त लागतं, इंजिनाचा दम कमी होतो, आणि चढावर घोड्यांची गाडी ओढताना माणसाला तो गळ्याला बांधलेल्या दगडासारखा वाटतो. मागच्या दरवाजातून आलेल्या पिकअपचा फिल्टर थेन काढायचा, तिथे सरळ नळी बसवायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचा की फिल्टर आहे, सगळं ठीक आहे. हे सांगणं हेच खरं कौशल्य होतं. नळी कुणीही बसवेल. कंपनीकडून आलेल्या गाडीत पाय दाबला की इंजिन अर्धा सेकंद विचार करतं, मग धावतं. थेनने हात लावलेली गाडी विचार करत नाही. लोक पहिली चक्कर मारून येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते पाहून त्याला अजूनही बरं वाटायचं. मग वर्षातून एकदा तीच गाडी पुढच्या दरवाजातून यायची. यंत्राची वायर जोडली की कॉम्प्युटर पढवलेलं बोलायचा. राहता राहिली एक गोष्ट: टेस्ट घेणाऱ्याने लांब दांडीचा आरसा गाडीखाली सरकवून फिल्टर जागेवर असल्याचं बघायचं आणि चौकोनात खूण करायची. टेस्ट घेणारा थेनच होता. तो आरसा सरकवायचा. बघायचा. आरशात सरळ नळी दिसायची, तिच्यावरचा स्वतःच्या हातचा सांधा दिसायचा, तो सांधा चांगला जमला आहे असंही मनात येऊन जायचं, आणि खूण व्हायची.

काढलेले फिल्टर तो विकत नसे. मागच्या भिंतीला लाकडी फळ्या होत्या, त्यावर एकतीस फिल्टर ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर मालकाचं नाव. कुणाला कधी गाडी मूळ रूपात हवी झाली तर असावा, म्हणून. कुणालाही कधी हवी झाली नाही. बिशप हॅस्लम यांच्या नावाचा फिल्टर त्या फळीवर नव्हता, कारण बिशपना काही माहीतच नव्हतं. त्यांनी ती पिकअप तीन वर्षांपूर्वी रेक्स या शेजाऱ्याकडून घेतली होती. रेक्सची गाडी थेननेच मोकळी केली होती, आणि रेक्सने आपला फिल्टर हट्टाने मागून घेऊन भंगारात घातला होता, त्यात प्लॅटिनम असतं म्हणून. व्यवहार ठरला तेव्हा थेन दोघांच्या मध्ये उभा होता. “मशीन कसं आहे, ब्रदर सोरेनसन?” बिशपनी विचारलं होतं. “मस्त चालतं,” तो म्हणाला होता, आणि ते खरं होतं. रेक्स त्याच उन्हाळ्यात ॲरिझोनाला निघून गेला. तेव्हापासून दर जानेवारीला बिशप किल्ली द्यायचे, थेन खूण करायचा, आणि दर दोन वर्षांनी बिशप प्रश्न विचारायचे, थेन उत्तर द्यायचा.

संध्याकाळी उपास सोडताना बायकोने, जॅनीलने, भाजलेलं मांस आणि चीज घातलेले बटाटे केले होते. केम्ब्री लग्नाच्या पांढऱ्या मोज्यांवरून आईशी वाद घालत होती. “बाबा, तुमचं मंदिराचं कार्ड झालं ना?” तिने मध्येच विचारलं. “अर्धं झालं.” “अर्धं काय? अर्धे बाबा आत येणार का?” “कमरेपर्यंत,” जॅनील म्हणाली, आणि दोघी हसल्या. थेनने बटाटे वाढून घेतले. त्याला त्या क्षणी स्वतःचं लग्न दिसलं. लग्न नव्हे, लग्नाचा बाहेरचा भाग. त्याच्या बापाला प्रवेशपत्र मिळालं नव्हतं. बाप, व्हर्ल सोरेनसन, रेल्वेत फिटर होता आणि सकाळी चार वाजता कॉफी प्यायचा. कॉफी आपल्यात चालत नाही. बिशपनी विचारलं, कॉफी पिता का, आणि बाप म्हणाला, “पितो.” एवढंच. म्हणणारे म्हणाले, व्हर्ल, महिनाभर सोड, पोराचं लग्न आहे. बाप म्हणाला, “महिनाभर सोडीन आणि मग? मग पितोच ना.” लग्नाच्या दिवशी आई आत आली, मावश्या आत आल्या, जॅनीलचं सगळं गोत आत आलं, आणि बाप मंदिराच्या आवारातल्या बाकावर हॅट मांडीवर ठेवून बसून राहिला. सगळे बाहेर आले तेव्हा तो संत्रं सोलत होता. फोटोसाठी उभं राहताना सालं टाकायला जागा मिळेना, म्हणून ती त्याने कोटाच्या खिशात घातली. दिवाणखान्यातल्या फोटोत तो खिसा अजून फुगलेला दिसतो. थेनला त्या दिवशी बापाची लाज वाटली होती. आज त्याला आठवत होतं ते वेगळंच. बापाने ‘पितो’ म्हणायला किती वेळ घेतला असेल? त्याला खात्री होती की अजिबात घेतला नसेल.

सोमवारी सकाळी त्याने बिशपची पिकअप मागच्या दरवाजातून आत घेतली. असं काही करायचं त्याने ठरवलं होतं असं नव्हे. पुढच्या दरवाजाशी येऊन त्याने गाडी थांबवली, आरशाच्या दांडीकडे पाहिलं, आणि मग गाडी मागे वळवली. एवढी एक, त्याच्या मनात आलं. निदान ही एक. फळीवर याच बनावटीचा एकच फिल्टर होता. चिकटपट्टीवर लिहिलं होतं: सोरेनसन. त्याच्या स्वतःच्या पिकअपचा. ती पिकअप कागदोपत्री डोंगरापलीकडे भावाच्या पत्त्यावर होती, तिकडच्या जिल्ह्यात धुराची टेस्टच नसते. त्याने आपल्या नावाची पट्टी सोलून काढली, ती बोटाला चिकटली, झटकली तरी सुटेना, शेवटी विजारीला पुसली. दुपारी तो गाडीखाली शेवटचे बोल्ट आवळत होता तेव्हा डार्विन प्रॅट हातात सोड्याचा मोठा पेला घेऊन आत आला आणि वाकून बघू लागला.

“अरे म्हाताऱ्या, हे काय? लोक काढतात आणि तू बसवतोस?”

“बसवतोय.”

“कुणाची?”

“बिशपची.”

“का? त्यांना दम सोसेना होय?” डार्विन स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. या हवेत सगळेच हसता हसता खोकत होते. मग त्याचा आवाज खाली आला. “थेन, कुणी तपासायला येणार आहे का? असलं तर सांग बाबा. माझ्या तीन गाड्या आहेत तुझ्या कागदांवर.”

“कुणी येत नाही.”

“मग हे धंदे कशाला?”

गाडीखालून थेनला त्याचे फक्त बूट दिसत होते, काँक्रीटने पांढरे झालेले. उत्तर द्यायला त्याला पुन्हा वेळ लागला. “परत बसतो का ते बघतोय,” तो म्हणाला. बूट वळले आणि गेले.

फिल्टर बसला. कॉम्प्युटरमधलं पढवलेलं पुसून त्याने कंपनीचं मूळ भरलं. पण पुसलं की गाडीला काहीच आठवत नाही. तिच्या आत आठ तपासण्या असतात, त्या गाडीने चालता चालता स्वतःच स्वतःवर करायच्या असतात. त्या पूर्ण झाल्याशिवाय टेस्टच्या यंत्रावर ‘तयार नाही’ एवढंच येतं. त्यासाठी शे-सव्वाशे मैल जावं लागतं, कधी शांतपणे महामार्गावर, कधी थांबत, कधी उतारावर पाय काढून घेऊन. मंगळवारी तो खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला. काचेबाहेर काही नव्हतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे, त्यांच्याभोवती राखाडी, बाजूला डोंगर असायला हवेत तिथेही राखाडी. पन्नास वर्षं राहिलेल्या जागेत तो पाट्या वाचत चालला होता. गाडी जड झाली होती. पाय दाबला की ती तो जुना अर्धा सेकंद घेत होती, आणि थेन प्रत्येक वेळी तो मोजत होता. संध्याकाळपर्यंत सात तपासण्या झाल्या. आठवी, खुद्द फिल्टरची, होईना. त्याने पुस्तिका काढून पाहिली, तरी त्याला माहीत होतं: हवा फार गार असेल तर फिल्टर स्वतःला तपासत नाही. गोठणबिंदूच्या सात अंश खाली गेलं की थांबतो. खोऱ्यात अकरा खाली होतं, आणि झाकण हलेपर्यंत तसंच राहणार होतं. म्हणजे वारा आला असता तर गाडी तयार झाली असती. तो पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसून राहिला. त्याला एकदम हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

बुधवारी सकाळी तो घाटाने वर गेला. खाली थंडी असते तेव्हा वर ऊब असते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं, पण कामाच्या दिवशी वर जातो कोण? नवव्या मैलावर राखाडी पातळ झालं, पांढरं झालं, आणि पुढच्या वळणावर गाडी त्यातून बाहेर पडली. आकाश इतकं निळं होतं की त्याने हात डोळ्यांवर धरला. बर्फावर ऊन पडलं होतं, डॅशबोर्डवर गोठणबिंदूच्या दोन अंश वरचा आकडा होता. त्याने आणखी बारा मैल गाडी चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, आणि मग वळणावरच्या मोकळ्या जागेत थांबून काच खाली केली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हवेला कशाचाही वास नव्हता. खाली, जिथे त्याचं घर होतं, गॅरेज होतं, चर्च होतं, तिथे एक सपाट मळकट पृष्ठभाग होता, डोंगरापासून डोंगरापर्यंत ताणून बसवलेला, आणि त्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की कुणीतरी मापाने कापल्यासारख्या. त्याच्याखाली माणसं असतील यावर बघणाऱ्याचा विश्वास बसला नसता. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आठवी ओळ बदलली. तयार. आता गाडीत एकही खोटं नव्हतं. त्याला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी सैल होईल. तो वाट बघत बसला. जे आलं ते एवढंच की फळीवर आणखी तीस आहेत. उद्या संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा होता, या वेळी बिशपच्याही वरच्या अध्यक्षांसमोर. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोनदा विचारायची पद्धतच होती. आणि त्या निळ्या आकाशाखाली उत्तर सोपं होतं. बापासारखं, एका शब्दाचं. काढतो. फिल्टर काढतो आणि खूण करतो. मग शनिवारी बाक, हॅट, संत्रं. केम्ब्री आत गुडघ्यांवर बसून काळाच्या पलीकडची गाठ बांधून घेईल आणि समोरासमोर आरसे लावलेल्या मंदिरातल्या त्या लग्नाच्या खोलीत एक खुर्ची रिकामी राहील, आणि ती आयुष्यभर विचारणार नाही, का. तिला बाहेरून कळेल, सगळ्यांना कळेल. त्याने शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. वर तो छान वाजला. मग त्याने काच वर केली, कारण खाली उतरायला दुसरा रस्ता नव्हता, आणि वळणावर गाडी पुन्हा त्या पांढऱ्यात, मग राखाडीत शिरली.

पुढच्या दरवाजातून पिकअप आत घेऊन त्याने वायर जोडली, आरसा सरकवला, आणि बराच वेळ बघत राहिला. फिल्टर जागेवर होता. त्याने खूण केली. या गाडीची कितीतरी वर्षांत पहिली खरी खूण, पण कागदावर ती इतरांसारखीच दिसत होती. संध्याकाळी तो गाडी बिशपच्या दारात लावून आला.

गुरुवारी अध्यक्षांच्या खोलीबाहेर सहा माणसं कोटटायमध्ये बसली होती. अध्यक्ष टिंगी वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर होते. खोऱ्यातल्या निम्म्या पोरांच्या तोंडात त्यांनी तार बसवली होती, केम्ब्रीच्याही. त्यांनी थेनचा हात दोन्ही हातांत घेतला. “पोरगी उजवणार म्हणायची! तिचे दात बघा शनिवारी फोटोत. माझं काम आहे ते.” मग ते बसले आणि प्रश्न सुरू झाले. थेन प्रत्येकाला वेळेवर उत्तर देत होता. तो प्रश्न आला. हीटर इथेही होता.

“नाही,” थेन म्हणाला.

टिंगींनी मान तिरपी केली. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही. तोंड उघडून बसलेल्या मुलाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते, मायेने. “म्हणजे?”

“माझ्या कामात... काही गोष्टी आहेत. बऱ्याच वर्षांच्या.”

“ब्रदर सोरेनसन,” टिंगी हळूच म्हणाले, “मी प्रामाणिक आहात का असं विचारलं नाही. प्रयत्न करता का, असं विचारलं. पूर्ण प्रामाणिकच माणूस हवा असता तर बाहेर बसलेल्या सहांपैकी एकालाही मी आत सोडलं नसतं. मलाही नाही.” ते हसले. “पोरीच्या लग्नाच्या आठवड्यात प्रत्येक बाप असा येतो. माझ्या वेळी मी जाऊन वीस वर्षांपूर्वी उसनी आणलेली शिडी परत केली होती. या आठवड्यात तुम्ही काहीतरी नीट केलंत ना? तोंडावर दिसतंय तुमच्या.”

“एक केलं,” थेन म्हणाला. पुढचा शब्द तयार होता. तो जिभेवर होता, घाटात दोनदा म्हणून पाहिलेला. पण टिंगींच्या हातात पेन होतं आणि पेनचं टोक कागदाला लागलेलं होतं, आणि थेन त्या टोकाकडे बघत राहिला. टोक हललं, एक वळण घेतलं, खाली रेघ ओढली. तोपर्यंत तो काही बोलला नव्हता.

“मग झालं तर,” टिंगी म्हणाले.

बाहेरच्या बोळात बिशप हॅस्लम भिंतीला टेकून उभे होते, कुणालातरी सोबत घेऊन आलेले. थेनच्या हातातलं पत्र पाहून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “आता फक्त वारा यायचा राहिला. शनिवारी सूर्य पाहिजे फोटोंना.” मग ते जवळ सरकले आणि जरा ओशाळल्यासारखे बोलू लागले. “ब्रदर, एक विचारू? गाडी पास झाली, आभार. पण तिला झालंय काय? आज शाळा सुटल्यावर घोडे घेऊन वरच्या गोठ्यावर गेलो, तर चढावर नुसती कण्हत होती. पाय दाबला की विचार करत बसते. आधी कशी उडायची. तुमच्या हातून काही सैल-बिल राहिलं असेल का?”

“सैल नाही,” थेन म्हणाला.

“मग असेल ते असो. मला त्यातलं कळत नाही. पुढच्या आठवड्यात सवड झाली की होती तशी करून द्याल ना?”

“हो,” थेन म्हणाला. या वेळी मध्ये काही नव्हतं. प्रश्न संपला तिथे उत्तर होतं. बिशपनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून त्याच्या हातात दिली, आणि थेनने ती प्रवेशपत्र ठेवलं होतं त्याच खिशात टाकली. बाहेर पडताना काचेचं दार उघडून तो थांबला. आवारातल्या दिव्याभोवती राखाडी तसंच होतं. झेंडा काठीला चिकटून खाली लोंबत होता आणि तो हलतो का ते बघत थेन तिथे उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, दार लावून घ्या, धूर आत येतोय. त्याने दार लावून घेतलं.